डाव्या बाजूची सातवी

डबा नंबर चार सोहारच्या शेडमध्ये आला
तेव्हा त्यात बकऱ्या बांधलेल्या होत्या.
अकरा वर्षं गाडी बंद. सीटांचा फोम कुणी
उंटाच्या खोगिराला नेला, दिवे कुणी नेले
ते खलफानला माहीत होतं, पण तो बोलला नाही.
एवढंच म्हणाला, जालिंदर, तू कुर्डुवाडीचा ना,
तुमच्याकडं छोट्या गाड्यांचा दवाखाना होता म्हणे.
होता, म्हटलं. वडील तिथंच फिटर.
रिटायर झाल्यावरही त्यांच्या नखांत
ग्रीसची एक अमावस्या कायम असायची.

नकाशावर खिडकी लहान केली होती.
ऊन फार, एसी दमतो. हिशेब बरोबर होता.

मग एका दुपारी मोझाबाई आली,
एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात खजुराचा डबा.
बाजारात म्हशीभोवती फिरावं तशी
गाडीभोवती एक चक्कर मारून तिनं विचारलं,
डावीकडची सातवी कुठली?
बहीण अल-ऐनला दिलेली. दर गुरुवारी सातवीत बसायची.
वादीत पाणी असेल तर पाणी दिसायचं,
नसेल तर पाणी जाताना ठेवून गेलेली पांढरी रेघ.
"मग तुम्ही वेळ बदललीत,"
(जशी काही मीच बदलली)
"रात्री न्यायला लागलात. अंधाराचं तिकीट कोण काढतं?
सीमेवर उतरवायचात, गाठोडं डोक्यावर,
एका शिक्क्यासाठी दोन तास.
लोक टॅक्सीनं गेले.
मग म्हणालात, माणसंच येत नाहीत."

खलफाननं हे सगळं जसंच्या तसं अर्जात लिहिलं,
थर्माससकट.
तीन महिने गेले. उत्तर आलं ते अर्धं होकाराचं:
वेळ सकाळची, शिक्का गाडीतच,
खिडकीचं तुमचं तुम्ही बघा.

वडील म्हणायचे, खालची कड
बसलेल्याच्या कोपराला लागावी, हनुवटीला नव्हे.
मी पत्रा कापला. आठ आठवडे
रबर, काच, रबर, काच,
उन्हासाठी वरून काळसर फिल्म.
स्वप्नातसुद्धा स्क्रू उजवीकडं फिरत होते.

चाचणीला बाहेरची माणसं नसतात.
मोझाबाई होती.
सात वाजता सुटलो. म्हणतात त्या वाटेवर
डोंगर शिळ्या वांग्याच्या रंगाचे आहेत,
तांब्याच्या जुन्या भट्ट्यांची काळी मळी आहे,
समरच्या झाडांखाली गाढवं उभी असतात.
मी एकेका काचेला कान लावून बसलो होतो.
सहावी वाजत होती.
सातवी गप्प, आणि सातवीपाशी मोझाबाईही.

सीमेवर कुणालाच उतरावं लागलं नाही.
शिक्केवाला पोरगा गळ्यात पिशवी अडकवून
डब्यातून फिरला. अकरा मिनिटं.
माझ्यापाशी थांबला, पान उलटलं, पुन्हा उलटलं.
माझा व्हिसा एकाच बाजूचा.
चुलत्याला सांगावं तसं हळू म्हणाला,
काका, तुमचं इथवर.

हत्यारांची पिशवी घेऊन उतरलो.
सहावीत पुठ्ठ्याचा तुकडा घाल, खलफानला ओरडून सांगितलं.
गाडी हलली, आणि माझ्या खिडक्या
मी पहिल्यांदा बाहेरून पाहिल्या.
फिल्म चांगली निघाली. आतलं काही दिसेना.
काचेमागून काचेत तोच एक माणूस,
हातात पिशवी, मागं डोंगर,
आणि शेवटच्या काचेनंतर नुसते रूळ.

परतीला पाण्याचा टँकर मिळाला.

रात्री खलफानचा फोन.
पलीकडं गेल्यावर डावीकडं हफीतचा डोंगर येतो, म्हणाला,
बाई उठून उभी राहिली.
पूर्ण मावतो का खिडकीत? मी विचारलं.
तो जरा थांबला. टोक कापलं जातं, म्हणाला.

मग वरची कड उचलायला हवी.
चार बोटं की पाच?
पुढच्या खेपेला नीट बघून सांग.
मला तिथं टेप लावता येणार नाही.