आज वार कोणता?

रविवारी डॉमिनोचा डाव संपला की
एदुविहिस ओल्या फडक्याने टेबल पुसते
आणि सोंगट्यांच्या जागी ओतते
आम्हा तिघांचा आठवडा:
पांढरा, गुलाबी, अर्धा मोडलेला.

वाल्पाराइसोच्या या टेकडीवरून
औषधांचं दुकान दोनशे अकरा पायऱ्या खाली.
उतरताना माणूस हवामानावर बोलतो.
चढताना गप्प.

वेन्सेस्लाओचे डोळे शाबूत आहेत.
बंदरात क्रेन चालवायचा,
अजून खिडकीतून जहाजांची नावं वाचतो, कुणी न विचारता.
हात मात्र असे की
चमचा ओठांशी पोचेतो सूप निम्मं.
म्हणून चिठ्ठी तो वाचतो,
गोळी एदुविहिस उचलते.
साखरेने तिच्या नजरेत धुकं भरलंय,
पण चाळीस वर्षं शिडांना टाके घातलेली बोटं
गोळीवरची चीर चाचपून सांगतात:
ही छातीची. ही नव्हे, ही तुझी.
माझी बोटं आल्याच्या कुडीसारखी.
बाटलीचं झाकणही मला दाद देत नाही.
माझ्याकडे फक्त लक्षात ठेवणं:
कोणती उपाशीपोटी, कोणती दुधाबरोबर नको,
कुणाला कशाने पुरळ उठलं होतं, कुठल्या साली.

तीन तिघाडा म्हणा हवं तर.

भांडतोही आम्ही.
मुलाकडे जायचं म्हणून वेन्सेस्लाओने
लघवीची गोळी चार दिवस खिशात ठेवली.
बस तीन तासांची, मध्ये सोय नाही,
या वयात शोभा कोण करून घेणार!
पाय सुजून बुटात जाईनात, तेव्हा कबूल झाला.
एदुविहिस काही बोलली नाही.
स्टँडवर जाऊन ड्रायव्हरांना विचारून आली
कोण कुठे थांबतो, किती मिनिटं,
आणि स्वतःला दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरांत
दोन पानं भरून त्याच्या हातात दिली.

ऑगस्टच्या वादळात वीज गेली. दोन दिवस.
तिचं इन्सुलिन फ्रीजमध्ये, आणि फ्रीज नुसतं कपाट.
ते घेऊन आम्ही दोघं मासळीवाल्या एर्मेनेहिल्दोकडे गेलो,
तो कांपत, मी लंगडत.
बर्फाला टेकू देऊ नकोस, गोठलं तर फुकट, मी बजावलं.
त्याने अंगातला स्वेटर काढला,
त्यात बाटल्या गुंडाळल्या,
आणि दोन दिवस गिऱ्हाइकांना सांगितलं,
त्या कोपऱ्यातलं विकायला नाही.
पुढे आठवडाभर ती सुई टोचताना म्हणायची,
आज पुन्हा समुद्र घेतला थोडा.

आता माझं.
माझी ती पिवळी गोळी आठवड्यातून एकदाच, मंगळवारी.
एका मंगळवारी घेतली.
बुधवारी पुन्हा घेतली.
गिळल्यावर आठवलं, की आठवलं असं वाटलं,
आणि मी, लक्षात ठेवणारी,
ते सगळ्यांपासून लपवलं.
रविवारी एदुविहिसची बोटं डबीत थांबली.
पुन्हा मोजलं तिने.
एक कमी आहे, ती म्हणाली, डबीकडे न बघता,
माझ्याकडेही न बघता.
तोंडात फोड आलेत का, वेन्सेस्लाओने विचारलं.
मी मान हलवली, नाही म्हणून,
आणि मग रडूच आलं, गोळीचं नव्हे,
माझ्याकडे तेवढंच तर होतं.

त्याच संध्याकाळी तपासणीला नेलं मला.
रक्त ठीक निघालं.
त्यावर पुढे कुणी एक शब्द काढला नाही.

फक्त दर मंगळवारी सकाळी फोन वाजतो.
वेन्सेस्लाओ. गोळीचं नाव घेत नाही.
आज वार कोणता गं, विचारतो,
जणू त्यालाच माहीत नाही.
मी सांगते. तो म्हणतो, बरं झालं विचारलं.

त्याचं बोट थरथरतं, एक आकडा चुकतो,
बहुतेकदा पहिला फोन दुसरीकडेच लागतो.
किल्पुएची कुणी बाई आहे.
आधी चिडायची.
हल्ली हॅलोसुद्धा म्हणत नाही.
मंगळवार, म्हणते,
आणि ठेवते.