निधीचा स्रोत

वेंगुर्ल्यात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत
माझ्या टेबलावर पसरलाय मोझांबिकचा अर्ज.
समोर द्रौपदी केळुसकर,
प्रोप्रायटर, केळुसकर कॅश्यू, वेतोरे.
रकाना सतरा: निधीचा स्रोत.
मी म्हणतो, बाई, पैसा कुठून आला ते विचारतायत.
"खयसून येतलो? बोटांतसून इलो. लिही."

मी लिहितो: व्यवसायातील संचित नफा.
सोबत तीन वर्षांचे ताळेबंद, बँकेचा दाखला,
अठरा गुंठ्यांचा सातबारा, तीन दिरांची संमती.
चौथा भांडुपला. तो फोन उचलत नाही.

देश तिला अनोळखी नाही.
पंचवीस वर्षं तिथल्या गोण्या फोडतेय ती:
आपल्यापेक्षा जरा काळपट तांबडी माती,
खडे, एकदा वाळून कोळ झालेला सरडा,
एकदा शर्टाचं निळं बटण.
ते तिने खणात ठेवलंय, फॅक्टरीच्या लायसन्सपाशी.
"मी काय बटणवाल्याक हुडकूक जातंय?
बी थंय पिकता, मगे फोडूक हंयसर कित्याक?"

गुंतवणुकीच्या तपशिलात शेड, यंत्रं, जनरेटर
आणि हातमोजे, चाळीस जोड, दर महिन्याला.
मी म्हटलं, एवढीशी रक्कम किरकोळमध्ये टाकू.
तिने कॅल्क्युलेटर माझ्या हातून काढून घेतला.
हातमोजे वेगळ्या ओळीत आले.

मग ती मुंबईला गेली, दहा बोटं द्यायला.
काचेने एकही घेतलं नाही.
काउंटरवरच्या मुलीने तिचे हात ओल्या रुमालाने पुसले,
कोरडे केले, दाबले, पुन्हा दाबले.
स्क्रीनवर दहा करडे ढग.
बीच्या तेलाने रेषा खाल्ल्या होत्या.
मालकीण झाली तरी सकाळचे दोन तास
ती बायकांतच बसते फोडायला,
हे मी कुठल्याच रकान्यात लिहिलं नव्हतं.

वीस दिवसांनी या, म्हणाले.

वीस दिवस बीला हात लावायचा नाही.
पाटावर बसायची, हात मांडीत,
सोयरिकीला आल्यासारखी.
रात्री खोबरेल.
बायका म्हणायच्या, "गो द्रौपदे, आता नखां रंगव."

त्या दिवसांत मी वडिलांची ट्रंक उघडली.
तुळसच्या जुन्या कारखान्यात ते हजेरी मांडायचे.
सत्त्याऐंशी साल, मिरगाच्या आधीचा आठवडा:
द्रौपदी, वय सोळा, सव्वीस रुपये, डावा अंगठा.
चक्र स्वच्छ उमटलंय, मधल्या बिंदूपर्यंत.
तिसऱ्या पानावर पुसट.
दिवाळीच्या पगाराला नुसता जांभळा ठिपका.

त्या पानांची झेरॉक्स काढली, नोटरीचा शिक्का घेतला,
वर लिहिलं: परिशिष्ट ज, रकाना सतरासाठी.
वकील म्हणाला, वेडा आहेस का, फाईल परत येईल.
येऊ दे.

अठराव्या दिवशी ती आली, हात पुढे केला.
ओहोटीला सागरेश्वरच्या पुळणीवर
पाणी जाता जाता वाळूवर सोडतं तशा
बारीक, वाकड्या, अजून कच्च्या रेषा.
स्टॅम्प पॅडवर अंगठा टेकवून
तिने तो रद्दीच्या कागदावर उठवला
आणि बघत राहिली.
जुनं पान शेजारी ठेवून मी ताडून पाहिलं नाही.
तिनेही मागितलं नाही.

"थंयच्या भाषेत," तिने विचारलं,
"हात दाखव गो, असा कसा म्हणतत?"
मला येत नव्हतं.
मोबाईल काढला तर रेंज गेलेली.
खिडकीशी जाऊन मी फोन वर धरला, खाली धरला.
ती तशीच बसून राहिली,
शाईचा अंगठा जरा अधांतरी धरून,
अर्जावर डाग पडू नये म्हणून.