परीक्षण

रीगातल्या त्या जुन्या थिएटरात
स्काइद्रीते चहात चमचा फिरवते.
कपात चहा नसतो.
तरी तिसऱ्या रांगेत मी
नकळत फुंकर घालतो.

घरी येऊन लिहिलं, ‘अप्रतिम’.
हा शब्द मागच्याच आठवड्यात
आमच्या पेपरानं एका सर्कशीवर खर्चला होता.
खोडला.
‘संयत’ लिहिलं. तोही खोडला.

मग मागच्या दाराशी प्रॉम्प्टर भेटला, आइवार्स,
बर्फात सिगारेट विझवत म्हणाला,
"तार वाचून ती थांबते ना,
दर प्रयोगाला वाटतं, विसरली.
पुढचं वाक्य ओठांवर धरून बसतो मी,
नऊ हंगाम झाले.
एकदाही द्यावं लागलं नाही."

तेवढंच छापायला दिलं.
खाली सही
त्याची हवी होती.