ताळा

डेटाबेस नाही. सर्व्हर जुना, मेमरी बेताची,
आणि गावसमितीनं दिलेले पैसे माझ्या पेट्रोललाही पुरत नाहीत.
म्हणून एक साधी फाइल.
फाइलीत शेतं, शेतांत मेंढ्या, मेंढीपोटी कोकरं,
कंसात कंस, त्यात आणखी कंस.
मिटायला एक विसरले की सगळं पान पांढरं.

बाहेर दगडी रिंगणही असंच आहे.
मधे मोठा गोल, भोवती कप्पे,
दर कप्प्याच्या फाटकावर शेताचं नाव.
आइसलँडचा अख्खा उन्हाळा डोंगरावर मोकाट चरलेली मेंढरं
आता एकमेकींच्या पाठीवर चढतायत,
आणि स्नाइब्योर्न, वय एक्क्याऐंशी,
शिंग धरतो, कान उलटतो, खाचेवरून अंगठा फिरवतो:
‘उजवा चिरलेला. बाक्कीची.’
ढकलतो. पुढची.

मी खोपटात दोन याद्या घेऊन बसलेय, बोटं गारठलेली.
जूनमध्ये वर गेलेल्या. आज खाली आलेल्या.
पहिल्यांदा क्रम लावला तर कोकरं आयांपासून तुटली:
वरची ओळ हलली, आतली जागीच राहिली.
ते निस्तरलं. मग एकीतली एकेक दुसरीत शोधली.

दुपारी ताळा आला: एक कमी.
हाल्लाची करडी, गळ्याला पांढरा पट्टा.
हाल्ला काही बोलली नाही.
पोराला घोड्यावर बसवलं, दरीकडे परत पाठवलं.
वर बर्फ भुरभुरत होतं.

स्नाइब्योर्न कॉफीला आत आला, पडद्यावर वाकला.
‘ही? ही तर सकाळी सगळ्यांच्या आधी आली.’

सगळ्यांच्या आधी.
म्हणजे क्रमांक शून्य.
फंक्शन सांगत होतं: सापडली, शून्यावर आहे.
आणि शून्य ऐकून माझ्या इफनं मान हलवली होती: नाही.

बरोबरची चिन्हं दोनाऐवजी तीन. एवढंच.
पण दरीत फोन लागत नाही.

पोरगा अंधार पडल्यावर आला, दाढा वाजत होत्या,
आणि खोगिरापुढे आडवी एक मेंढी.
काळी. लंगडी. पलीकडच्या खोऱ्यातली,
जिची खूण माझ्या कुठल्याच यादीत नाही.
स्नाइब्योर्ननं कान उलटला, ‘हं’ म्हणाला,
आणि नाव नसलेलं फाटक उघडलं.

मी फाइल उघडली.
शेवटच्या कंसाआधी
एक स्वल्पविराम दिला.