लाल टॅग

अंबडला स्विचगिअरच्या कंपनीत
सात वर्षं मी माल तपासते.
पेटीतला नग उचलायचा, मापायचा,
मापात नसेल तर लाल टॅग.
पुरवठादार चहा पाजतात,
पोरांच्या फिया सांगतात.
टॅग लालच.

आठव्या महिन्यात हर्षलनं यादी आणली,
मामेबहिणीनं पुण्याहून पाठवलेली,
एकेचाळीस नग.
बाटल्या उकळायचं यंत्र, उकळलेल्या गरम ठेवायचं यंत्र,
ओले रुमाल कोमट करायची डबी,
हे मी दोनदा वाचलं,
आणि आंघोळीच्या पाण्याचं तापमान सांगणारं बदक.

कॉलेज रोडच्या दुकानात एसी इतका
की पोटातलं पाय जवळ घेऊन बसलं.
विकणारी पोर गोड होती.
म्हणाली, ताई, पहिलं आहे ना,
पहिल्याला हात आखडता नका घेऊ.
हे वाक्य तिला दुकानानं दिलं असणार,
कंपनी आम्हाला एप्रन देते तसं.

मी पर्समधून टेप काढली.
बाबागाडी, रुंदी साठ सेंटीमीटर.
आमचा सिडकोचा जिना त्र्याऐंशी,
पण वळणावर निकमांची सायकल,
सायकलीमागे त्यांचा सिलिंडर,
उरले एक्केचाळीस.
लाल.
पाळणा, खाली खण असलेला.
तो ठेवला तर हर्षलनं गॅलरीत झोपायचं.
लाल.
बदक हातात जरा वेळ राहिलं.
पण मला कोपर आहे. दोन आहेत.
लाल.

हर्षल काउंटरपाशी उभा,
चेहरा थेट पुरवठादाराचा.
लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला नाही.
आपण कमी पडतोय का गं, असं म्हणाला,
रिक्षात, मायको सर्कलच्या सिग्नलला,
आणि त्याला लावायला
माझ्याकडे कुठलाच टॅग नव्हता.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
खैरनारबाईंनी बोचकं दिलं.
दुपटी, झबली, लंगोट,
धुऊन धुऊन सायीसारखे झालेले.
पॅकिंगच्या बायकांत हे बोचकं नऊ वर्षं फिरतंय.
दुपट्याच्या कोपऱ्यात ज्या-त्या आईनं
एकेक टाका घातलाय,
हिरवा रुबीनाचा, जांभळा साळवेंच्या थोरलीचा,
एक पांढरा, जवळजवळ न दिसणारा.
हा कुणाचा?
खैरनारबाई डब्याचं झाकण लावत राहिल्या.
तिनं आठवड्यात परत आणून दिलं होतं, म्हणाल्या,
घडी न मोडता.

त्या रात्री मी एकेक कापड दिव्यासमोर धरलं.
भोकं तीन. चालतील.
पांढऱ्या टाक्यावरून बोट फिरवलं
आणि दुपटं सगळ्यात वर ठेवलं.
यादीत उरलं थोडंच,
थर्मामीटर, नखांची कात्री, छत्रीसारखी मच्छरदाणी,
आणि दवाखान्यासाठी बाजूला काढायचे पैसे,
जे पुण्याच्या यादीत नव्हते.
मच्छरदाणी बुधवारच्या बाजारात मिळाली, नदीकाठी.
विकणाऱ्यानं ऐटीत उघडून दाखवली
आणि मग ती मिटेना.
त्यानं दाबली, हर्षलनं दाबली, शेजारचा लसूणवालाही आला.
कितीतरी दिवसांनी हर्षल हसला.

काल तांदळाच्या डब्यामागे
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही लागलं.
आसारी. बांबूची, वीतभर.
मागच्या आठवड्यात तो येवल्याला मशीन पोचवायला गेला होता.

बाळ माघात यायचंय.
आसारी हातात धरायला
सहा-सात संक्रांती जाव्या लागतील,
तोवर बांबूला कीड.
उपयोग शून्य. जागा नाही. यादीत तर नाहीच.
मी दांडा डोळ्यासमोर धरला. सरळ.
काड्यांमधलं अंतर सारखं.
फिरवली. जराही डगमगली नाही.

आमच्याकडे एक पिवळाही टॅग असतो,
मापात न बसता ठेवून घेतलेल्या मालाचा.
त्यावर कारण लिहावं लागतं.
कारण मला सुचलं नाही.

कागद होता तसा गुंडाळला,
आसारी होती तिथे सरकवली,
आणि डब्याचं झाकण
बाहेर ऐकू जाईल इतक्या जोरात लावलं.