तपकिरी पट्टा

सिडकोच्या समाजमंदिरात, लग्न नसेल त्या दिवशी
निरगुडे सर आम्हाला कराटे शिकवायचे.
फरशीला आदल्या रात्रीचा भात चिकटलेला असायचा.
आधी तो खरवडायचा, मग नमस्कार.

सातपूरला लेथवर पहिली पाळी करून यायचे.
डाव्या करंगळीचं एक पेर मशीनने ठेवून घेतलेलं,
त्यामुळे त्यांची मूठ कधी पुरती मिटायची नाही
आणि आमची मिटली नाही तर छडी.
चिडके होते. मिशीला कलप लावायचे.
सांगून ठेवते, उगीच कुणी फोटोला हार घालायला नको.

मोजायचे जपानीत:
इच्, नी, सान, शी.
आणि शीला आम्ही तीसजण दर वेळी खिदळायचो.
ते थांबायचे. हसून झालं की
पुन्हा एकपासून.

स्वतःचा पट्टा तपकिरी. बावीस वर्षं तोच.
पुण्याचे मोठे परीक्षक एकदा चहा पिता पिता म्हणाले,
निरगुडे, पाकीट पाठवा, काळा पोस्टाने येईल,
तुम्हाला कसली आलीय परीक्षा.
सर म्हणाले, घ्या ना, बिस्कीट घ्या.

मग कॉलेज रोडला खैरनार ग्रँडमास्टर उगवले.
फ्लेक्सवर लिहिलेलं: आठवं दान.
कुणी दिलं, कशाच्या बदल्यात, ते नव्हतं.
एसी, आरसे, हप्त्याने फी.
मी गेले. आम्ही एकोणीसजण गेलो.
दीड वर्षात काळा पट्टा,
सोबत ट्रॉफी, तिच्यावर माझं आडनाव चुकलेलं.

सांगायला म्हणून, खरं तर दाखवायला,
पट्टा बांधूनच मी समाजमंदिरात शिरले.
अकरा पोरं रांगेत. सरांनी वळून पाहिलं.
छडीची तयारी होती माझी.

ते पुढे आले, टाचा जुळवल्या
आणि कमरेतून वाकले,
खालच्या पट्ट्याने वरच्यापुढे वाकावं तसे,
माझ्याआधी, माझ्याहून खाली.
टोमणा नव्हता त्यात. मी शोधला. नव्हता.
भांगात कलप न पोचलेली पांढरी रेघ तेवढी दिसली.

मग म्हणाले, गाठ उलटी आहे.
सोडून पुन्हा बांधायला लावली.
म्हणाले, काळा पट्टा पुढे उभा राहतो. चल, मोज.

इच्, नी, सान, शी.
पोरं खिदळली.
मी थांबले नाही, घाईघाईत पाच म्हणून टाकलं,
सहा, सात,
आणि वळून पाहिलं तर सर
भिंतीकडे उकिडवे बसून
नखाने
राहिलेलं एक शीत काढत होते.