अर्धं डोकं

डावीकडनं सुरू होतं.
आधी भुवईच्या टोकाला चुणचुण,
कांडी भरताना सुतात गाठ यावी तशी.
मग ती गाठ पुढं सरकत नाही,
तिथंच फिरत राहते.

विट्यातल्या आमच्या गल्लीत बावीस माग,
त्यातले आठ आमच्या भिंतीला लागून.
खटक् खटाक्, खटक् खटाक्.
पाहुणे विचारतात, झोप कशी लागते गं तुला?
मी म्हणते, पाहुणे गेले की.

पलीकडच्या मेहरूनभाभी सांगतात,
सुंठ उगाळ. पाणी बेतानं.
कपाळावर जाड थापायचं, वाळू द्यायचं,
आणि बोलायचं नाही.
सहाण माझी तळहाताएवढी,
लग्नात आली ती चंदनासाठी,
चंदन तिनं अजून बघितलेलं नाही.
लेप आधी गार लागतो, मग चरचरतो,
मग कातडी आवळायला लागते
आणि घटकाभर कळत नाही
दुखणं कुठलं, लेप कुठला.
तेवढी घटका माझी.

मामेभाऊ रंगराव गलाईच्या धंद्यात,
तिकडं कोइमतूरला.
फोनवर म्हणाला, पाय गरम पाण्यात सोड,
मूठभर मीठ टाक, डोक्यावर गार फडकं.
बसले बादलीत पाय घालून.
तेजल शाळेतनं आली, बघत राहिली,
म्हणाली, आई, लांबनं चालत आलीस?
हो म्हटलं.

चतुर्थी सोड, असं कुणी सांगितलं नाही.
ती मीच सोडली.
देवाला म्हटलं, उपाशी डोकं ठणकतं,
तुझ्याकडं लक्षच लागत नाही.
त्यानं काही विरोध केला नाही.

पाणी पीत जा, असं मात्र सगळेच म्हणतात.
दवाखान्यातली नर्ससुद्धा.
पण शेडात आम्ही चौघी बाया,
आणि जायला जागा म्हणाल तर
मागच्या बाजूला बाभळीचा आडोसा,
तोही गेल्या साली तोडला.
सकाळी आठ ते संध्याकाळी सहा
माझी बाटली भरलेली जाते,
भरलेली परत येते.
हे मी नर्सला नाही सांगितलं.

मंगळवारी ट्रान्सफॉर्मर जळला.
एकेक करत नाही, सगळी गल्ली एकदम थांबली,
धोटे होते तिथं अडकले.
रस्त्यावरच्या म्हशीची साखळी ऐकू आली,
कुणाची तरी शिट्टी झालेली कुकरची,
माझा स्वतःचा श्वास.
हे घरी आले, हाताला तेल, तोंडाला सुताची कुसं.
म्हणाले, उद्यापर्यंत काही नाही.
म्हणजे दोघांची मजुरी गेली.

मी खिडकीला चादर लावून पडले,
वाट बघत, की आता तरी जाईल.
आवाजच नाही, तर दुखेल कशाला?
पण ते गेलं नाही.
उलट शांततेत जास्त नीट दिसायला लागलं,
गर्दी पांगल्यावर एकटाच उरलेला माणूस दिसावा तसं.

हे उशाशी बसले.
अंगठा कानशिलावर ठेवला आणि दाबत राहिले,
एक हलका, एक जड,
एक हलका, एक जड.
बऱ्याच वेळानं ध्यानात आलं,
मागाचाच ताल होता तो.
वीस वर्षं मागावर काढलेल्या हाताला
दुसरा येत नव्हता.
मी सांगितलं नाही. सांगितलं असतं
तर हात थांबला असता.

उठले तेव्हा अंधार पडला होता.
तांब्याभर पाणी प्यायले, मग अजून एक,
घरातच होते ना.
डावी बाजू हलकी,
दात काढल्यावर जीभ जाते तशी
बोटं सारखी तिथं जात होती.

दुसऱ्या दिवशी नळावर मेहरूनभाभींनी विचारलं,
राहिलं का गं? कशानं राहिलं?
त्यांच्या हातात कागदाची पुडी होती,
माझ्यासाठीच आणलेली.

सुंठीनं, म्हटलं.